सातव्या भागातलं खोटं मरण

मामाजी,

तुमची तेरवी होऊन दहा दिवस झाले. मंडपवाला बांबू घेऊन गेला, भंडाऱ्याच्या आत्या गेल्या, उरलेल्या पत्रावळ्यांचा गठ्ठा माळ्यावर गेला. आता घरात विचारणारं कोणी नाही, म्हणून तुम्हालाच सांगते. तेरा दिवस येणाऱ्या प्रत्येकानं मला एकच गोष्ट विचारली. तुम्ही पडलात तेव्हा घरात मी एकटी होते, म्हणून तो प्रश्न माझ्याच वाट्याचा. चहाचा कप हातात घ्यायचा, मान तिरकी करायची, आवाज खाली आणायचा आणि म्हणायचं, शेवटी काही बोलले का हो? मी दर वेळी उठून आत जायचे आणि धुतलेले कप पुन्हा धुवायचे. कारण खरं उत्तर असं होतं की माझे सासरे शेवटचं बोलले ते टीव्हीवरच्या एका दाढीवाल्या म्हाताऱ्याबद्दल. तेही अर्धंच. आणि जेवढं बोललात त्या सुरावरून पुढे काही चांगलं निघणार नव्हतं.

'पाथेय' हे नाव तुम्ही कधी घेतलं नाही. तुमच्यासाठी ते 'तुझं जहाज'. पृथ्वीवरचं पाणी आटतं, मग एका शहराएवढं यान दुसऱ्या सूर्याकडे निघतं, पोचायला तीनशे वर्षं लागणार, मधल्या पिढ्या यानातच जन्मणार आणि यानातच मरणार, अशी ती हिंदी मालिका. मी पहिल्या भागापासूनची भक्त. सहावी-सातवीला विज्ञान शिकवणाऱ्या बाईला एवढा शौक चालतो, असं मी स्वतःला सांगायचे. तुमचा गजू, म्हणायला माझा नवरा, चंद्रपूरला नोकरीला. पंधरा दिवसांनी सौंदडला गाडीतून उतरणार, मला टीव्हीसमोर पाहून 'झाले का तुझे भुतं सुरू' म्हणणार आणि आंघोळीला जाणार. सासूबाई गेल्यावर तुमच्या-माझ्यात बोलण्यासारखं फारसं उरलं नव्हतं. भाजी काय केली, मोटर बंद केली का, गजू कधी येणार. संपलं.

तुम्ही आलात पहिल्या पर्वाच्या तिसऱ्या भागात. रविवारची दुपार होती. माझ्या खुर्चीमागे तंबाखू मळत उभे राहिलात. पडद्यावर यानातला तलाव दाखवत होते, निळंशार पाणी आणि त्यातून शेतांकडे निघालेला पाट. मला वाटलं, आता आवाज बारीक कर म्हणणार. तुम्ही म्हणालात, "हे पानी चढावर कसं चाललं?"

मी पाहिलं. पाट खरंच चढावर चालला होता. तो भाग मी आधी दोनदा पाहिला होता आणि माझ्या लक्षात आलं नव्हतं.

"दुसरा सूर्य शोधून राहिले," तुम्ही म्हणालात, "अन् पाटाले उतार देता येत नाही." आणि खाट ओढून बसलात.

तुमच्या नजरेतून उतार सुटणार कसा? गावच्या तलावाची पाळ तुमच्या पणज्यांच्या पिढीनं घातलेली. आजा पाणकर, बाप पाणकर, तुम्ही पाणकर. तलावाच्या तुडुमाचं दार कधी उघडायचं, कोणाच्या धानाच्या बांधीत आधी पाणी सोडायचं, कोणाला थांबवायचं, हे ठरवण्यात आणि त्यापायी अर्ध्या गावाच्या शिव्या खाण्यात तुमची हयात गेली. त्या दिवसापासून दर रविवारी जेवण झालं की तुम्ही हात पुसत यायचात आणि विचारायचात, "लावतं का तुझं जहाज?"

दोन वर्षं आपण ती मालिका पाहिली आणि दोन वर्षं तिची लाज काढली. यानाला आग लागली तरी कप्तानाचा भांग मोडायचा नाही, तुम्ही म्हणायचात याच्या डोक्यावर आधी वंगण ओता म्हणजे यंत्र चालेल. तिथल्या शेतात धान लोंबीला येऊन निसवलेलं दाखवायचे आणि शेजारी बाया त्याच धानाची रोवणी करायच्या. तुम्ही एकदा माझ्याकडे पाहून विचारलंत की जिथं हवाच नाही तिथं एवढा धडाका ऐकू येतो का. मी नाही म्हटलं, आणि का नाही ते सांगितलं. तुम्ही पूर्ण ऐकून घेतलंत. पोरं ऐकत नाहीत, मामाजी, पोरांच्या परीक्षेत ते येतं तरी ऐकत नाहीत. त्यानंतर पडद्यावर काहीही फुटलं की तुम्ही माझ्याकडे वळून मान हलवायचात, खोटं आहे हे आपल्या दोघांनाच ठाऊक असल्यासारखी. माझ्या लग्नाला सहा वर्षं झाली. या घरातली मी आहे असं मला पहिल्यांदा वाटलं ते त्या मान हलवण्यानं. हे तुम्हाला कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तुम्ही नौटंकी म्हणाला असतात.

दुसऱ्या पर्वात त्यांनी जलबाबा आणला. यानाच्या पाण्याचा राखणदार, पांढरी दाढी, भगवा कोट, प्रत्येकाच्या डोक्यावर हात. मला वाटलं हा तरी तुम्हाला आवडेल, तुमचंच काम करतो. तुमच्या डोळ्यांत तो पाहताक्षणी सलला. पाण्याची वाटणी करतो आणि सगळे त्याच्या पाया पडतात, हे तुम्हाला पटेना. चाळीस वर्षं पाणी वाटलेल्या माणसाचा एकही वैरी नाही, तर हा पाणी वाटत नसणार, नुसता दाढी वाटत असणार, असं तुमचं म्हणणं. मला तो आवडायचा. मी तुम्हाला तसं सांगायचे आणि तुम्ही भिंतीकडे पाहून हसायचात.

मग तो सातवा भाग आला. त्यात जलबाबा मेला.

कसा मेला ते लिहायला हात धजत नाही, इतका तो भाग मला आता घाणेरडा वाटतो, तरी लिहिते. तलावाची भिंत फुटते, लोखंडाची एक सळई त्याच्या छातीतून आरपार जाते, आणि तो बोलायला लागतो. यान फुटतंय, पाणी वाहून जातंय, ज्यांनी भोक बुजवायला धावावं असे पंधरा जण त्याच्याभोवती गोल करून उभे. छातीत सळई घेऊन तो माणूस प्रत्येकाला नावानं हाक मारतो आणि प्रत्येकाला एकेक उपदेश करतो. कप्तानाला धीर देतो, डॉक्टरणीला क्षमा करतो, दोन भांडलेल्या भावांचे हात एकमेकांत देतो. मागे सारंगी. वरून कुठून तरी पिवळा उजेड. शेवटी मुलीला जवळ घेतो आणि म्हणतो, तूने सब ठीक किया, बेटी. रक्ताचा एक थेंब दाढीला लागत नाही.

आणि मी रडले. हमसून रडले, मामाजी. साथीच्या वर्षी माझे बाबा गोंदियाच्या वॉर्डात गेले, आम्हाला फाटकाच्या आत सोडलं नाही. कोणी त्यांच्याजवळ नव्हतं आणि त्यांनी कोणाला काही सांगितलं नाही. ती मुलगी पडद्यावर 'बेटी' ऐकत होती तेव्हा मी त्या फाटकाशी उभी होते.

तुम्ही शेजारच्या खाटेवरून म्हणालात, "कोनी पानी विचारलं का त्याले?"

मी नाक पुसलं.

"पंधरा जन उभे हायेत. पान्याचा राखनदार मरून राहिला अन् एकाच्या हातात गलास नाही. नौटंकी आहे सारी. मरनारा मानूस एवढा बोलत नाही, बाई. मी पाह्यलं."

मी काय ऐकलं, तर फक्त नौटंकी. मला वाटलं ते माझ्या रडण्याला आहे. मी टीव्ही बंद केला आणि तुमच्याकडे तोंड करून म्हणाले की तुम्हाला रडू येत नाही म्हणून दुसऱ्यानं रडू नये का. सासूबाई गेल्या तेव्हाही तुमच्या डोळ्यांतून टिपूस नाही आलं, चौथ्या दिवशी तुम्ही बांधीवर होतात. मेलेल्या माणसाचं तुम्हाला काय.

तुम्ही तंबाखूची डबी उचललीत, बाहेर सपरीत गेलात आणि खाटेवर पाठ करून बसलात. मी आत जाऊन काय केलं सांगू? मालिकेच्या चाहत्यांचा मोबाईलवर एक ग्रुप आहे, हजारो माणसं. सगळे आपल्या फोटोच्या जागी जलबाबाचा फोटो आणि मेणबत्ती लावत होते. मीही लावली. जिवंत म्हातारा सपरीत पाठ करून बसला होता आणि मी रंग लावलेल्या म्हाताऱ्यासाठी मेणबत्ती लावत होते. तुम्ही गेलात त्या दिवशी त्या जागी तुमचा फोटो लावायचं माझ्या मनातही आलं नाही.

सहा दिवस आपण बोललो नाही. ताट वाढलं की तुम्ही जेवायचात. शुक्रवारी आठवा भाग आला, तो मी उघडला नाही आणि तुम्ही विचारलं नाही.

शनिवारी सकाळची शाळा. मी बाराला घरी आले आणि ओट्याशी बसून पालक निवडत होते. धान निसवायला आलं होतं, शेवटचं पाणी चाललं होतं, तुम्ही सकाळपासून बांधीवर. साडेबाराच्या सुमारास आलात, दारात पाय धुतलेत, आत येऊन उभे राहिलात. म्हणालात, पाणी दे.

मी वर पाहिलं नाही. माठात आहे, म्हटलं. घ्या.

तुम्ही गेलात. माठाचं झाकण वाजलं, गडू बुडवल्याचा आवाज आला. प्यायलात की नाही हे मला माहीत नाही, कारण मी पालक निवडत होते. मग तुम्ही म्हणालात, "तुझ्या त्या म्हाताऱ्यानं..."

गडू पडला. मला वाटलं रागानं टाकलात. मी मुद्दाम एक जुडी आणखी निवडली. मग मागे वळले.

गाडी मिळाली, गोंदियाला पोचलो, संध्याकाळी गजू आला. दोन दिवस तुम्ही होतात. तुमचं तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं, एक डोळा अर्धा उघडा, लाळ यायची ती मी पुसायची. वर पंखा कुरकुरत होता. शेजारच्या खाटेचे नातेवाईक वर्तमानपत्रावर कचोरी ठेवून खात होते आणि हिंदीत कोणाच्या तरी जावयाबद्दल बोलत होते. नर्सनं मला सांगितलं, पापा, बाबा, जो भी बुलाते हो, बुलाकर बात करते रहो, सुनाई देता है कभी-कभी. मी बोलले नाही. काय बोलणार होते? माफी मागायची तर पालकाच्या जुडीपासून सांगावं लागलं असतं, आणि गजू शेजारी होता. सोमवारी सकाळी तो खाली औषध आणायला गेला. मी खाटेखाली तुमच्या चपला शोधत होते, कोणीतरी सरकवल्या होत्या. डोकं वर काढलं तेव्हा नर्स तुमच्या मनगटावर बोटं ठेवून उभी होती. तुम्ही नेमके कधी गेलात ते मला सांगता येणार नाही. मी चपला शोधत होते.

मी पाह्यलं, असं तुम्ही म्हणाला होतात. त्या दवाखान्यातल्या खाटेशी मला कळलं तुम्ही काय पाहिलं होतं. सासूबाईंच्या उशाशी तुम्ही तीन दिवस बसला होतात, आणि त्या काही बोलल्या नव्हत्या. एखाद्या माणसाला हे माहीत असेल आणि त्याच्यासमोर कोणी सळई, सारंगी आणि पंधरा उपदेश दाखवत असेल, तर त्यानं काय करावं? तुम्ही फक्त एक शब्द वापरलात. मी असते तर टीव्ही फोडला असता.

आता तुमच्या बहिणीचं ऐका. भंडाऱ्याच्या आत्या पोचल्या त्या मंगळवारी, तुम्हाला नेऊन झाल्यावर. तिसऱ्या दिवशी त्या सपरीत बसून येणाऱ्यांना सांगत होत्या की भाऊ जाताना म्हणाला, सारे मिळून राहा. कुठून आणलं त्यांनी हे? त्या दवाखान्यात नव्हत्या. तुम्हाला बोलता येत नव्हतं. आणि बोलता आलं असतं तरी धाकट्या भावाशी बारा वर्षं न बोललेला माणूस 'मिळून राहा' म्हणाला असता का? पण ते वाक्य चाललं. लोकांना तेच हवं होतं. पाचव्या दिवसापर्यंत लोक ते मलाच ऐकवायला लागले. तुमचे धाकटे भाऊ तर ते ऐकून डोळे पुसत गेले. त्यांच्या बांधीला तुम्ही एका वर्षी पाणी उशिरा सोडलं होतं म्हणून बारा वर्षं या दारात पाय न टाकलेला माणूस, तो एका न बोललेल्या वाक्यावर रडला. मी आतून ऐकत होते आणि मला सातवा भाग आठवत होता. सारंगी तेवढी नव्हती.

या सगळ्यात गजू मला विचारायला आला. राख सावडून आल्याच्या दुसऱ्या दिवशी, गोठ्याजवळ. इतरांसारखा आवाज खाली आणून नाही, सरळ. बाबा पडण्याआधी माझ्याबद्दल काही बोलले का?

मला एक वाक्य देता आलं असतं, मामाजी. गजू कधी येणार असं विचारत होते, एवढं म्हटलं असतं तरी पुरे होतं, आणि आठवड्यातून तीनदा तुम्ही ते विचारायचातच. पण त्या आठवड्यात विचारलं नव्हतं. मी खरं सांगितलं. म्हटलं, तुझ्या त्या म्हाताऱ्यानं, एवढं म्हणाले आणि पडले. कोण म्हातारा, त्यानं विचारलं. मी म्हटलं, माझ्या मालिकेतला. तो माझ्याकडे पाहत राहिला. "एवढंच?" म्हणाला आणि निघून गेला. दुसऱ्या दिवशी मी ऐकलं, कोणा शिक्षकाला तो सांगत होता, बाबा म्हणाले मिळून राहा.

मला त्याची किळस आली. तुमच्यापासून काय लपवू. दोन दिवस मी त्याच्या ताटात वाढताना त्याच्याकडे पाहिलं नाही.

तेरवीच्या दुसऱ्या दिवशी दुपारी घर रिकामं झालं. गजू टीव्हीच्या खोलीत येऊन तुमच्या खाटेच्या कडेला बसला आणि म्हणाला, तो भाग लाव. मी विचारलं कशाला. तो म्हणाला, बाबा ज्याच्याबद्दल बोलून राहिले होते तो मानूस पाहाचा आहे.

मी लावला. मी भागाकडे पाहत नव्हते, त्याच्याकडे पाहत होते. ज्याला ही सगळी भुतं वाटायची तो तुमचा मुलगा जलबाबानं भावांचे हात एकमेकांत दिले तिथं नाक ओढायला लागला आणि 'बेटी'ला तर खांदे हलवून रडला. त्याच्या बापाला एक शब्द बोलता आला नव्हता, आणि हा त्या रंगवलेल्या थेरड्याचे शब्द पीत होता. माझ्या जिभेवर तुमचाच शब्द आला होता. मी तो गिळला. तुम्ही गिळला नसतात, मी गिळला.

डोळे पुसून त्यानं विचारलं, "बाबाले आवडला असन ना हा भाग?"

आता इथे गिळणं जमेना. मी म्हटलं, नाही. तुमच्या बाबांनी याच्यावर थुंकायचं तेवढं बाकी ठेवलं होतं.

तो माझ्याकडे वळला. मला वाटलं आता उठून जाईल. त्याच्या तोंडाचा कोपरा हलला आणि तो हसला, नाकातोंडातून पाणी वाहत असताना. काय म्हणाले, सांग, म्हणाला. मी भाग पुन्हा सुरुवातीपासून लावला आणि जिथं जिथं तुम्ही काही म्हटलं होतं तिथं थांबवून सांगत गेले. वंगण सांगितलं. दाढी वाटतो ते सांगितलं. मागच्या पर्वातलं आठवलं, तेही सांगितलं, चढावरचा पाट काढून दाखवला. तुमच्यासारखा आवाज माझ्यानं काढवत नाही, तो त्यानं काढला. मी वाक्य सांगायचे आणि तो ते तुमच्या आवाजात म्हणायचा. दोन तास आम्ही बसलो होतो. दोन वर्षं त्याचे बाबा दर रविवारी काय करत होते हे त्याला माहीत नव्हतं. 'बाबा एवढं बोलत?' असं त्यानं दोनदा विचारलं.

मग पाण्याचं वाक्य आलं. एकाच्या हातात गलास नाही. ते सांगितलं आणि मी भाग बंद केला. त्यानं काय झालं विचारलं. मी सांगून टाकलं. सासूबाईंवरून तुम्हाला जे बोलले ते, सहा दिवसांचं, पालकाचं, तुम्ही पाणी मागितलंत आणि मी मान वर केली नाही ते. घ्या म्हटलं ते. म्हटलं, तुमच्या बाबांनी शेवटी पाणी मागितलं आणि मी दिलं नाही. आता तुम्हाला जे म्हणायचं ते म्हणा.

बराच वेळ तो रिमोटच्या पाठीवरची पट्टी काढ-घाल करत राहिला. मग म्हणाला, "बाबा पानी मांगत नसत."

मी म्हटलं, मागितलं. मी ऐकलं ना.

"नाही, तुले समजलं नाही. बाबाले तहान लागली का ते सोता माठाकडं जात. कोनाले मांगत नसत, आईलेही नाही. आईसंगं भांडन झालं का चार-पाच दिवस बोलत नसत. मंग एक दिवस बांधीवरून येत अन् म्हनत, पानी दे. आई समजून जाये." त्यानं रिमोटची पट्टी बसवली. "तहान नोती लागली त्याईले. बोलाचं होतं."

मामाजी, हे मला आधी कोणी का सांगितलं नाही? सहा वर्षं या घरात राहून मला एवढं ठाऊक नसावं? तुम्हीही तसलेच. सरळ म्हणायचं होतं ना, झालं ते झालं, लाव तुझं जहाज. पाणी दे म्हटल्यावर मी पाणीच समजणार, दुसरं काय समजणार? मला तुमचा राग आला, त्याच्यासमोर आला, आणि मी तुम्हाला अडाणी म्हटलं. गजू म्हणाला, आहेतच.

त्या अर्ध्या वाक्याचं पुढे काय होतं, यावर मी रोज विचार करते. तुझ्या त्या म्हाताऱ्यानं आधी भिंतीचं भोक बुजवायला पाहिजे होतं. तुझ्या त्या म्हाताऱ्यानं डोकं उठवलं. तुझ्या त्या म्हाताऱ्यानं आपल्यात भांडण लावलं. यातलं तिसरं तुम्ही म्हणाला असतात असं मला वाटावंसं वाटतं, म्हणूनच ते मी धरत नाही. पहिलंच असणार. आणि त्याच्या मागून, जाता जाता, मला जे हवं होतं ते आलं असतं. त्याला जागा करून द्यायला तुम्ही आत आला होतात. सासूबाईंबद्दल मी जे बोलले ते चूक होतं. दवाखान्यात दोन दिवस होते तेव्हा म्हणायला हवं होतं. नर्स सांगत होती ऐकू येतं म्हणून.

गजू चंद्रपूरला परत गेला. जाताना म्हणाला, आठवा भाग एकटी पाहू नको, फोनवर दोघं मिळून पाहू. गेल्या रविवारी दुपारी त्यानं तिथं खोलीवर लावला, मी इथं लावला, फोन कानाला. एक-दोन-तीन म्हणून सुरू केलं तरी त्याचा भाग माझ्यापेक्षा थोडा पुढे धावत होता, त्यामुळे काय होणार ते मला आधी त्याच्या श्वासावरून कळायचं.

आणि ऐका काय झालं. जलबाबा परत आला. यानात कुठे तरी एक काचेची पेटी होती म्हणे, तिच्यात त्याची सगळी आठवण साठवलेली होती म्हणे, ती दुसऱ्या शरीरात ओतली. सात भागांत त्या पेटीचं नाव कोणी काढलं नव्हतं. दार उघडतं, धूर येतो, आणि धुरातून तो येतो, तोच कोट, तीच दाढी, छातीवर सळईचा ओरखडाही नाही. सगळे पुन्हा गोल करून उभे. ज्या मरणावर त्यांनी अख्ख्या देशाला रडवलं ते आठवड्यापलीकडे टिकवायची त्यांची दानत नव्हती. मी असला खोटारडेपणा जन्मात पाहिला नाही. ग्रुपवर लोक तीन आठवड्यांपूर्वीच नाचले असणार. मेणबत्त्या काढून फुलं लावली असणार; मी इतके दिवस ग्रुप उघडलाच नव्हता.

मी फोनवर सुरू झाले. म्हटलं, पाहा, पाहा या भामट्यांना, यांना मरण म्हणजे काय वाटतं, तुमचे बाबा असते तर...

"राहू दे," गजू म्हणाला. आवाज अगदी बारीक होता. "येऊ दे त्याले."

मी वाक्य तिथंच सोडलं. फोनमध्ये त्याचा श्वास ऐकू येत होता आणि त्याच्या खोलीतली सारंगी, माझ्या सारंगीच्या किंचित पुढे.

भाग भिकार होता, मामाजी. तुम्ही म्हणाला असतात त्याहून भिकार. आम्ही तो शेवटपर्यंत पाहिला.